तळे राखील तो पाणी चाखील?

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण नेहमी वाकड्या अर्थाने वापरतो. कोठारावरच्या माणसाने मूठभर धान्य घरी नेले की डोळे मिचकावून ती म्हणायची आणि विषय संपवायचा. पण ज्याने ती प्रथम उच्चारली असेल त्याच्यासमोर खरेखुरे तळे असले पाहिजे, आणि त्याच्या मनात चोरीचा विचार नसावा. जो पाळ सांभाळतो, गाळ काढतो, रात्री-अपरात्री पाण्यावर नजर ठेवतो, त्याचा त्या पाण्यावर काही हक्क आहे, एवढा साधा न्याय तिच्यात आहे. आमच्या पूर्व विदर्भात तळी हजारोंनी आहेत आणि ती राखणारी माणसेही आहेत. हा न्याय मात्र तेथे कितपत शिल्लक राहिला आहे, याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटते.

नागपूरच्या कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मासेमारीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. रेल्वेने मुंबई येथून ८३७ किलोमीटर. मासळी म्हटली की आपल्याला कोळीवाडा, होड्या, नारळी पौर्णिमा आठवते. भूगोलाच्या पुस्तकातही महाराष्ट्राची मासेमारी म्हणजे कोकण किनारा. आणि गोड्या पाण्यातील मासेमारीला ‘इत्यादी’मध्ये जागा. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारा ढिवर समाज आहे. आपल्या वर्गातही त्यांची मुले आहेत. त्यांच्या घरातला प्रश्न आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या रापणकरांचा प्रश्न एकच आहे, फक्त पाण्याची चव वेगळी.

प्रश्न असा : मासेमारीत ‘सुधारणा’ कशाला म्हणायचे, आणि ती कोणी ठरवायची?

सरकारी भाषेत सुधारणा ही बहुधा विकत आणायची वस्तू असते. सुधारित बीज, सुधारित जाळे, यांत्रिक नौका, पिंजऱ्यातील संवर्धन, टाकीतील संवर्धन. २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली. तिचा आकडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या गोष्टी वाईट आहेत असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. विजेचे दर, कर्ज, विमा यांत मासेमाराला शेतकऱ्याइतकी सवलत मिळणार असेल तर ते न्याय्यच आहे. पण पैसा ज्या कल्पनेच्या मागे धावतो ती कल्पना तपासून पाहायला हवी, आणि ती तपासायला आपल्या दाराशीच एक उत्तम उदाहरण आहे.

ते म्हणजे मामा तलाव. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येते. ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’; महसूल खात्याने केलेल्या संक्षेपातून लोकांनी नाते जोडून घेतले. या तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांतले पुष्कळसे अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचे, गोंड राजांच्या काळातले. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन, असे धोरण त्या राजांनी ठेवले, आणि कोहळी समाजाच्या लोकांनी या कामात अशी हातोटी मिळवली की आज अभियंत्यांनीही थक्क व्हावे. नवेगावबांधचा जलाशय ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. डोंगराच्या दोन सोंडा पाहायच्या, त्यांच्यामध्ये मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम बसवायचे, जास्तीच्या पाण्याला सांडवा द्यायचा, आणि वरच्या तळ्याचे सांडलेले पाणी खालच्या तळ्यात जाईल अशी माळ गुंफायची. खाली धानाची बांधी. पाण्यात मासे, शिंगाडा, कमळकाकडी; काठाच्या दलदलीत देवधान. हे देवधान कोणी पेरत नाही, ते आपोआप उगवते. ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतले खायचे नाही म्हणून बाया तेच खातात. एका तळ्यातून कोहळ्याचे धान, ढिवराची मासळी, गुराचे पाणी आणि व्रताचा घास असे सगळे निघत होते.

ही व्यवस्था समतेची होती असे कृपा करून कोणी समजू नये. पाळीवर सत्ता मालगुजाराची होती, ढिवराकडून वेठ घेतली जात होती, आणि पंक्तीत त्याची जागा कोठे होती हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्याचे गोडवे गाणे हा आपल्याकडचा एक सोपा धंदा आहे. त्यात पडायचे नाही. मुद्दा तळ्याच्या जीवनक्रमाचा आहे. त्या तळ्यात मासे दरवर्षी स्वतःच निपजत होते. कोणी विकत आणून टाकत नव्हते.

येथे थोडी माशांची गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या तळ्यांतले जुने रहिवासी म्हणजे मरळ, मागूर, शिंगी, बाम आणि असे कितीतरी लहान-मोठे मासे. उथळ काठ, पाणवनस्पतींची दाटी, पावसाळ्यात तळ्याच्या वरच्या अंगाला पसरणारे पाणी, या जागांत ते अंडी घालतात. मरळीची जोडी तर पिलांच्या थव्याभोवती राखण करीत फिरते. मरळ, मागूर आणि शिंगी हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यात उरलेल्या डबक्यातही ते तग धरतात आणि बाजारात जिवंत विकले जातात. भावही चांगला येतो.

रोहू, कटला आणि मृगल हे मात्र मोठ्या नद्यांचे मासे. ते वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यात ते झपाट्याने वाढतात. पण तळ्याच्या स्थिर पाण्यात त्यांची वीण होत नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी डॉ. अलीकुन्ही यांनी माशाच्या मस्तकातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात वीण करवून घेतली. भारतीय शास्त्रज्ञांचे हे मोठेच यश. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे निघाली, जिरे आणि बोटुकली विकत मिळू लागली, आणि देशाचे गोड्या पाण्यातील उत्पादन किती पटींनी वाढले हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही सांगू शकेल. १९५९ साली परदेशातून गवत्या आणि चंदेरी हे मासे आणले गेले. सामान्य कोंबड्या मासा आधीच आला होता. असे पाच-सहा जातींचे एकत्र संवर्धन हे मग खात्याचे ब्रीद झाले.

यात दोष कोठे आला? शास्त्रज्ञाच्या शोधात नाही. शोध पोखरणीसाठी, आखीव तळ्यासाठी होता; तो हजारो जिवंत तलावांवर सरसकट लादला गेला, तेथे घोटाळा झाला. एकतर जो मासा तळ्यात वीण करीत नाही त्याचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. पूर्वी ढिवराच्या घरून जाळे निघत असे; आता आधी पैसा निघतो. बीज महाग पडले, उशिरा आले, वाटेत मेले, पाऊस लांबला, तर वर्ष बुडाले. दुसरे असे की गवत्या मासा नावाप्रमाणे गवत खातो. ज्या पाणवनस्पतींत मरळ-मागूर वाढतात त्याच तो फस्त करतो. खात्याच्या दृष्टीने तळ्यातली वनस्पती हा कचरा होता; जाळे अडकते, मासेमारीला अडथळा होतो. ढिवराच्या दृष्टीने ते माशाचे बाळंतघर होते. पण ठेक्याच्या कागदावर किती बोटुकली सोडली याचा रकाना असतो. किती गवत राखले याचा रकाना कोणी छापलेला नाही.

त्यात बेशरम आली. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप विदर्भात कुंपणाला लावता लावता तळ्यांच्या पोटात शिरले. गुरे तोंड लावीत नाहीत, कापले तर प्रत्येक तुकड्याला मुळे फुटतात. फुले मात्र सुंदर जांभळी, म्हणून शहरातून सहलीला गेलेली मंडळी तिच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढतात. जेथे बेशरम माजली तेथे देवधान गेले, कमळ गेले, काठचा मऊ गाळ गेला. शेतांतून खते आणि औषधे वाहून आली. उथळ काठावर उन्हाळी अतिक्रमणे झाली. आणि एक दिवस जाळ्यात फक्त विकत घेतलेला मासा उरला.

आता जी गोष्ट मला या लेखात मुख्यतः सांगायची आहे ती. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या सहकारी संस्थेने, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांच्या सोबतीने, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून एक उलटेच काम आरंभले. तळ्यात मासे कमी का झाले, याचे उत्तर त्यांनी आपल्याच म्हाताऱ्यांना विचारले. कोणता मासा काय खातो, कोठे अंडी घालतो, कोणत्या वनस्पतीत लपतो, कोणती वनस्पती कोणत्या तळ्यातून कधी नाहीशी झाली, हे सारे त्यांच्या तोंडी होते. मग त्यांनी बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला. आणि ज्या तळ्यांत अद्याप चांगल्या वनस्पती उरल्या होत्या तेथून त्या आणून आपल्या तळ्यात लावल्या. शास्त्रात ज्यांना हायड्रिला, सेरॅटोफिलम, व्हॅलिसनेरिया म्हणतात त्या पाण्याखालच्या, आणि शिवाय पाण्यावर तरंगणाऱ्याही. शेतकरी धान रोवतो तसे ढिवरांनी तळ्यात गवत रोवले! मासेमाराने चिखलात उतरून गवताची लावणी करावी, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. पाहणाऱ्यांनी वेड्यात काढले असेल तर नवल नाही.

तेथील देशी मासे परतले, पक्षी परतले, आणि आसपासच्या गावांनीही हे काम उचलले. पुढे त्यात ढिवर बायांचे गट आले. हे विशेष महत्त्वाचे आहे. कारण जाळे पुरुषाच्या हाती असले तरी टोपली घेऊन बाजाराला जाते ती बाई, आणि घरी कालवणापुरती लहान मासळी कधी मिळेनाशी झाली हे तिलाच आधी कळते. आतापर्यंत तलावाच्या सभेत तिला मत नव्हते.

या कामात विकत आणलेली वस्तू जवळजवळ नाही. म्हणूनच ते ‘तंत्रज्ञान’ या शब्दात बसवायला अनेकांना जड जाते. माझे म्हणणे असे की गेल्या पन्नास वर्षांत विदर्भाच्या मत्स्यव्यवसायात झालेला हा अस्सल शोध आहे. यात निरीक्षण आहे, अनुमान आहे, प्रयोग आहे, आणि प्रयोग करणाऱ्याचे पोट त्या प्रयोगावर अवलंबून आहे. प्रयोगशाळेतील शोधापेक्षा हा शेवटचा घटक येथे अधिक आहे.

मग हे सगळीकडे का पसरत नाही? येथे आपण म्हणीकडे परत येतो. तळे राखणाऱ्याचे ते नाहीच.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. त्या वेळी आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती. मालगुजारी जाणे आवश्यकच होते. पण तळी सरकारजमा झाली आणि लोकांकडे उरला तो निस्तार. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणी एका खात्याचे, मासा दुसऱ्या खात्याचा, पोटातली जमीन तिसऱ्याची. ढिवरांच्या संस्थेला मिळतो तो काही वर्षांचा मासेमारीचा ठेका. आता विचार करा : भाड्याच्या घराला कोणी पाया घालतो का? गवत लावून तळे सुधारायला तीन-चार वर्षे लागतात. फळ हाती येईतो ठेका संपायचा, आणि मासे वाढले म्हणून पुढच्या खेपेस दुसराच कोणी वाढीव बोली घेऊन उभा राहायचा. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? बीज टाकील, वर्ष-दीड वर्षात काढील, मोकळा होईल. ढिवर अडाणी आहे म्हणून तळे बिघडले असे आपण म्हणतो. वस्तुतः ठेक्याचा कागदच त्याला घाई करायला शिकवतो.

शेतकऱ्याशी त्याचे भांडणही या कागदातूनच येते. धान निसवायच्या सुमारास पावसाने ओढ दिली की तुडुम उघडावेच लागते. शेतकऱ्याचे चूक नाही. पण शेवटचे हातभर पाणी माशांसाठी राहील की नाही हे ठरवायला दोघे एका सतरंजीवर बसतील अशी जागा कोठे आहे? गाळ काढण्याच्या योजनांचेही तेच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ चालू झाले, मामा तलावांच्या दुरुस्तीला निधी आला, यंत्रे आली. पाणीसाठा वाढतो हे खरेच. परंतु यंत्राने तळ्याचे पोट थाळीसारखे एकसारखे खरवडले की उथळ काठ जातो, आणि काठ गेला की माशाचे अंडी घालण्याचे ठिकाण जाते. किती खोल खणायचे आणि कोणता कोपरा तसाच ठेवायचा, हे यंत्र चालवणाऱ्याला सांगायला त्या दिवशी पाळीवर एखादा म्हातारा ढिवर उभा असला पाहिजे. त्याला बोलावण्याची तरतूद नियमांत हवी.

हक्क कागदावर कृपा म्हणून दिला तर काय होते, हे आपल्या नागपूरच्या उत्तरेला तोतलाडोहला दिसले. पेंच नदीवर धरण झाले, जलाशय राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आला. उद्यानातून बाहेर काढलेल्या आदिवासींना मध्य प्रदेश शासनाने मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७च्या निकालात न्यायालयाने अटींवर परवाने राहू दिले : छायाचित्र असलेले ओळखपत्र, ठरलेला रस्ता, आग पेटवायची नाही. न्यायालयाने समजूतदारपणा दाखवला. तरी महाराष्ट्राच्या बाजूच्या मासेमारांचा प्रश्न संघर्षाचाच राहिला आणि अखेर तेथली वस्ती उठली. जंगल वाचवायला हवे याबद्दल माझा वाद नाही. पण ज्याला पाण्याच्या राखणीत कसलाही वाटा नाही, तो रात्री जाळे टाकणारच. चोर म्हणून पकडलेल्या या माणसाला राखणदार करता आले असते का, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणी विचारला नाही.

समुद्राकडे पाहिले तरी हेच चित्र. १९५२ साली केरळात नॉर्वेच्या मदतीने मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू गरीब मच्छीमाराचे भले. पुढे कोळंबीची निर्यात फोफावली, यांत्रिक ट्रॉलर आले, ते बाहेरच्या भांडवलवाल्यांचे झाले, आणि वल्ह्याच्या होडीवाल्याच्या हाती रिकामे जाळे आले. आंदोलने झाली, उपोषणे झाली. १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आली तेव्हा कोठे श्वास घेता आला. आपल्याकडे १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश निघाला, १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. कोकणातला कोळी तर नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जात नसे. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ हे त्याला परिपत्रकाने सांगावे लागले नाही. जी मर्यादा समाजाने स्वतः पाळली होती ती मोडणारे साधन आधी अनुदानाने द्यायचे आणि मग तीच मर्यादा कायद्याने आणायची, असा हा द्राविडी प्राणायाम.

दूरची दोन उदाहरणे देतो, कारण ती आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. फिलिपीन्समध्ये आपो नावाचे एक चिमुकले बेट आहे. सारे मिळून पाऊण चौरस किलोमीटरदेखील नाही. समोरच्या दुमागेते गावी सिलिमान विद्यापीठ. तेथील प्राध्यापक डॉ. एंजल अल्काला यांनी बेटावरच्या कोळ्यांशी वर्षानुवर्षे बोलून १९८२ साली प्रवाळ किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीस बंद ठेवायला त्यांना राजी केले. राखण कोळ्यांचीच. बंद तुकड्यात मासे वाढले, ते बाहेर पसरले, आणि मग त्याच धर्तीची राखीव क्षेत्रे त्या देशात ठिकठिकाणी झाली. १९९४ साली सरकारने बेटाला संरक्षित क्षेत्र जाहीर केले. कारभार वरच्या मंडळाकडे गेला तशी बेटवाल्यांची नाराजीही सुरू झाली. राखण आपली आणि हुकूम दुसऱ्याचा, हे तेथेही पचले नाही.

दुसरे उदाहरण जपानचे. केसेन्नुमाच्या खाडीत कालवांची शेती करणारे शिगेआत्सु हाताकेयामा यांच्या लक्षात आले की खाडीतले पाणी बिघडते त्याचे मूळ नदीच्या वरच्या अंगाला, उजाड डोंगरात आणि मानवी वस्तीत आहे. १९८९ पासून ते आणि त्यांचे सोबती समुद्र सोडून डोंगरावर गेले आणि झाडे लावू लागले. कोळ्यांनी डोंगरावर झाडे लावणे आणि ढिवरांनी तळ्यात गवत लावणे, यांत भाषेचा आणि खंडाचा फरक आहे, बुद्धीचा नाही.

वरच्या अंगाचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहराचेही नाव घेतले पाहिजे. ढिवरांच्या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण राहते? आपणच. नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीवरून शहरभर आपले सांडपाणी पोटात घेते, पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. तेथपर्यंत आता गोसीखुर्दचे फुगीर पाणी आलेले असते. मराठी विभागाच्या मित्रांना आंभोरा वेगळ्या कारणाने ठाऊक असेल : मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ तेथे रचला अशी परंपरा आहे. मराठीच्या आद्य ग्रंथाचे स्थान म्हणून आपण जेथे हात जोडतो, तेथेच आपल्या मोऱ्यांचे पाणी पोहोचते. गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो हजारो कोटींत गेला. नदीच्या डोहांत मासे धरणारा ढिवर एका बाजूने या अथांग पाण्याच्या काठी फेकला गेला आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या जाळ्यात जलपर्णी आणि शहराचा मळ आला. नाग नदी शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प २०२२ साली मंजूर झाला. पिंजऱ्यातील मत्स्यसंवर्धनाला अनुदान देण्यापूर्वी ज्या पाण्यात तो पिंजरा सोडायचा ते पाणी ज्यांनी बिघडवले त्यांनी निस्तरावे, हा क्रम मला तरी उलटा वाटत नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, देशी माशांनी पोट भरेल का. रोहू-कटल्याचे वजन मरळीला कोठून येणार? आक्षेप खरा आहे. म्हणून रोहू टाकूच नये असे कोणी म्हणत नाही. अर्जुनी मोरगावच्या आसपासही बीज सोडतातच. गवत्या मासा वगळावा, काठ राखावा, आणि देशी माशांचे उत्पन्न हे वर्ष बुडू न देणारे जामीन समजावे, इतकेच. दुसरा आक्षेप आमच्याच वर्गातील एका ढिवर मित्राचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. तो म्हणतो, “तुम्हांला आमच्या बापाच्या ज्ञानाचे कौतुक, आम्हांला नोकरी हवी. चिखलात उभे राहण्याचे कौतुक कोरड्या काठावरून करू नका.” याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि असू नये. जाळे टाकायचे की खुर्चीवर बसायचे हे तो ठरवील. परंतु त्याच्या बापाला तळ्यावर पक्का हक्क मिळाला, तर खुर्ची शोधायला तो निदान कर्ज काढून निघणार नाही. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी तो जितके हेलपाटे घालतो तितके ठेक्यासाठी त्याच्या बापाने घालू नयेत, एवढे तरी मागता येईल.

तेव्हा मागणे काय? मासेमारीचा हक्क गावच्या मच्छीमार संस्थेला दीर्घ मुदतीने द्यावा. त्याच्या बदल्यात बोटुकलीच्या आकड्यासोबत तळ्याचा काठ, वनस्पती आणि देशी मासे यांचीही नोंद तिच्याकडून घ्यावी. संस्थाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. कित्येक ठिकाणी दोन-चार घरांनीच ताबा ठेवलेला असतो आणि ठेका परस्पर व्यापाऱ्याला दिलेला असतो. म्हणून सभासदांत बाया हव्यात आणि हिशेब ग्रामसभेपुढे यावा. तळ्यात किमान किती पाणी राहील हे शेतकरी आणि ढिवर यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र ठरवावे.

आणि आपण? आपण कलाशाखेचे, आपल्याला ना माशाचे शरीरशास्त्र येते ना पाळीचे गणित. पण शब्द आपल्या ताब्यात आहेत. नुकतेच, २०२५ साली, निवर्तलेले मारुती चितमपल्ली नवेगावबांधला असताना तेथल्या गोंड-ढिवरांकडून वर्षानुवर्षे शिकत राहिले, आणि त्यातून मराठीला किती नवे शब्द मिळाले ते आपण अभ्यासक्रमात वाचतो. एकेका पाणवनस्पतीला, माशाच्या पिलाच्या एकेका अवस्थेला, जाळ्याच्या एकेका विणीला झाडीपट्टीच्या बोलीत नाव आहे. ते नाव सांगणारा माणूस सत्तरीचा आहे. नाव गेले की ओळखही जाते. आणि ज्याला ओळखता येत नाही तो ते ‘कचरा’ म्हणून उपटतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी होते. रस्त्याला मुरूम टाकतो, भिंतींवर घोषणा रंगवतो, रात्री नकला करतो. पुढील वर्षीचे शिबिर एखाद्या मामा तलावाच्या गावी, मे महिन्यात, पाणी आटलेले असताना ठेवावे अशी सूचना मी प्राध्यापक मंडळींपुढे ठेवतो. काम संस्थेच्या लोकांनी सांगावे, आपण करावे. बेशरम मुळासकट काढून ढीग पाळीच्या पलीकडे नेऊन वाळवावा लागतो, तळ्यात तुकडा राहू देऊन चालत नाही. एवढे एक काम तीस-चाळीस मुलांना आठवडाभर पुरेल. संध्याकाळी वही घेऊन म्हाताऱ्यांपाशी बसावे. एका पानावर माशाचे नाव, तो कोठे अंडी घालतो, कधी शेवटचा पाहिला. दुसऱ्या पानावर वनस्पतीचे. नकला एखाद्या वर्षी राहिल्या तरी चालतील.